जुना कर्ब आणि नवा कर्ब

स्मरणिकेच्या पानांत अहवाल, जमाखर्च आणि देणगीदारांची यादी यांच्या जोडीला एखादा शास्त्रीय विषयावरचा लेख असावा, अशी चिटणीसांची इच्छा. विषयाची मोकळीक त्यांनी दिली; अट एकच घातली की घरातल्या दहावीच्या मुलाला आणि त्याच्या आजोबांना तो सारखाच समजावा. मी इंधन हा विषय घेतला, कारण तो आज आपल्या सर्वांच्या दाराशी उभा आहे. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक या भागांत आपल्यापैकी कित्येकांचा ऊस आहे. ज्यांचा ऊस नाही त्यांची मोटारसायकल आहे. आणि आता या दोन गोष्टी एकाच टाकीत येऊन मिळाल्या आहेत, कारण २०२५ साली देशातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण सरासरी २० टक्क्यांवर गेले. त्याला कोणी हरित इंधन म्हणतो, कोणी गाडी बिघडवणारे पाणी म्हणतो. दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत. रेणूंची वजने मांडून पाहणारे थोडे. ती वजने येथे मांडावयाची आहेत. त्यासाठी बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित लागणार नाही.

आधी जळणे म्हणजे काय ते पाहू. गुऱ्हाळाच्या चुलाणात वाळलेली चिपाडे जळोत, दिव्यात रॉकेल जळो की इंजिनात पेट्रोल, घडते ते एकच. इंधनातील कर्ब हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कर्बाम्ल वायू होतो. मुले त्याला पाठ्यपुस्तकाप्रमाणे कार्बन डायऑक्साइड म्हणतात. इंधनातील हायड्रोजन प्राणवायूशी मिळून पाणी होतो. या दोन संयोगांत जी उष्णता मोकळी होते तिच्यावर आपली काहील तापते आणि गाडी धावते.

एक लिटर पेट्रोलाचे वजन पाऊण किलोच्या आत भरते, साधारण ७४० ग्रॅम. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे, पण हिशेबाला ऑक्टेन हा त्याचा प्रतिनिधी धरू. ११४ भार ऑक्टेन जळण्यास ४०० भार प्राणवायू लागतो. म्हणजे आपले ७४० ग्रॅम पेट्रोल हवेतून सुमारे २ किलो ६०० ग्रॅम प्राणवायू ओढून घेते आणि सुमारे २ किलो ३०० ग्रॅम कर्बाम्ल वायू बाहेर टाकते. मुलांना हे पटत नाही. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघेल? जास्तीचे वजन हवेचे आहे, हे ध्यानी आले की शंका फिटते. याच एका लिटरापासून जवळजवळ एक लिटर पाणीही तयार होते. हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळतात ते हेच पाणी.

आता पुढची पायरी. इंधनाच्या अंगी उष्णता किती, हे कशावर ठरते? ज्या कर्बाला आणि हायड्रोजनला अद्याप प्राणवायू भेटलेला नाही तोच जळणार. ज्याच्या रेणूत प्राणवायू आधीच बसला आहे, ते द्रव्य एका अर्थी थोडे जळून चुकलेले असते. आहाराच्या कोष्टकात आपण उष्मांक वाचतो, तेच माप येथे चालेल. ग्लुकोज साखरेच्या वजनात ५३ टक्के प्राणवायू असतो आणि तिच्या एका ग्रॅमात ३.७ उष्मांक मिळतात. मद्यार्कात, म्हणजे इथेनॉलमध्ये, प्राणवायू ३५ टक्के आणि उष्मांक ७.१. गोड्या तेलात प्राणवायू ११ टक्क्यांच्या आसपास, उष्मांक साडेनवाच्या जवळ. ऑक्टेनमध्ये प्राणवायू मुळीच नाही आणि उष्मांक साडेअकरा. प्राणवायू उतरत गेला की उष्मांक चढत जातो. विद्यार्थ्यांना मी सांगतो की इंधनाच्या रसायनातले हे एवढे वाक्य नीट समजले तर अर्धा धडा झाला.

दगडी कोळसा आणि खनिज तेल कसे बनले, हेही याच वाक्यात येते. लाकूड कोरडे केले तर त्यात कर्ब जवळजवळ निम्मा आणि प्राणवायू चाळीस टक्क्यांहून अधिक असतो. दलदलीत झाडे पडली, पाण्याखाली गेली, वर चिखल बसला. हवा न मिळाल्यामुळे ती कुजून संपली नाहीत. वरच्या थरांचा दाब आणि भूगर्भातील उष्णता यांनी त्यांच्यातून पाणी, कर्बाम्ल वायू आणि मिथेन हळूहळू बाहेर काढले. प्राणवायू जात राहिला, कर्ब मागे उरत राहिला. पीट, मग लिग्नाइट, मग बिट्युमिनी कोळसा, शेवटी अँथ्रासाइट, अशा पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर कर्ब नव्वद टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्या देशातील गोदावरी खोऱ्यातला सिंगरेणीचा कोळसा किंवा चंद्रपूरकडचा वर्धा खोऱ्यातला कोळसा हा गोंडवनी काळातला, पंचवीस कोटी वर्षांच्या पलीकडचा. त्यात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. ते झाड पृथ्वीवरून केव्हाच नाहीसे झाले. त्याचे पान मात्र खाणीतल्या दगडावर शिरांसकट दिसते.

खनिज तेलाची गोष्ट समुद्रातली. तरंगणारे सूक्ष्म वनस्पती-प्राणी मरून तळाच्या गाळात साठले, गाळाचा खडक झाला, आणि साधारण ६० ते १२० अंश उष्णतेच्या पट्ट्यात त्या द्रव्याचे तेल झाले. यापेक्षा अधिक तापले तर वायू होतो, कमी तापले तर काहीच होत नाही. आपल्याकडे १८८९ मध्ये आसामात दिग्बोईला तेल लागले, १९६० मध्ये गुजरातेत अंकलेश्वरला आणि १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायला. हे तेल सजीवांपासून झाले याला पुरावा काय, असे एखादा चौकस मुलगा विचारतोच. पुरावा फार सुंदर आहे. १९३४ साली आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनज्ञाने खनिज तेलातून पॉर्फिरीन जातीचे रेणू वेगळे काढले. पानांतील हरितद्रव्याच्या रेणूचा जो सांगाडा असतो तोच या रेणूंचा सांगाडा. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. तेलातील रेणूत त्याच्या जागी व्हॅनेडियम बसलेला आढळला. घराचा मालक बदलला, पण भिंती त्याच राहिल्या. म्हणजे पेट्रोल हेही एकेकाळी सूर्यप्रकाशात हिरवे होते.

येथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. "सर, उसातला मद्यार्क जळला तरी कर्बाम्ल वायूच निघतो ना? मग पेट्रोलाच्या धुरात आणि त्याच्या धुरात फरक काय?" रासायनिकदृष्ट्या फरक काहीही नाही. कर्बाम्ल वायूच्या रेणूवर तो कोठून आला हे लिहिलेले नसते, आणि वातावरणात तो सारखीच उष्णता अडवतो. फरक आहे तो कर्बाच्या वयात. उसातला कर्ब गेल्या वर्षी-दीड वर्षात हवेतून उचललेला आहे; तो परत हवेत गेला तर हवेची शिल्लक होती तेथेच येते. पेट्रोलातला कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीखाली बंद होता. तो हवेत गेला म्हणजे हवेच्या खात्यावर नवी रक्कम जमा झाली.

आणि हे वय मोजता येते. वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांमुळे कर्बाचा एक किरणोत्सर्गी प्रकार सतत तयार होत असतो, त्याला कर्ब-१४ म्हणतात. तो दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. जिवंत झाडात त्याचे ठराविक प्रमाण असते. पन्नास हजार वर्षांनंतर त्यातले जवळजवळ काही उरत नाही. कोळशात आणि पेट्रोलात तो नसतोच. त्यामुळे एखाद्या बाटलीतल्या इंधनात शेतातला भाग किती आणि खाणीतला किती, हे प्रयोगशाळा कर्ब-१४ मोजून सांगू शकते. हान्स स्युएस या शास्त्रज्ञाने हाच काटा साऱ्या वातावरणाला लावला. झाडांच्या वाढीची वर्तुळे तपासून १९५५ मध्ये त्याने दाखवले की अलीकडच्या हवेतला कर्ब-१४ पातळ होत चालला आहे. दुधात पाणी पडले की जसे लॅक्टोमीटर सांगतो, तसे हवेत जुना कर्ब पडल्याचे त्याने सांगितले. पुढे १९५८ पासून हवाई बेटांतील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंगने रोजची मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बाम्ल वायूचे सुमारे ३१५ भाग होते. यंत्रयुगापूर्वी ते २८० च्या आसपास होते. आज ४२० च्या वर आहेत.

आता उसाचे खाते उघडू. हिशेब मोजक्या आकड्यांचा आहे, पण तो माझ्या मते साऱ्या रसायनशास्त्रातल्या देखण्या हिशेबांपैकी एक आहे.

पान सूर्यप्रकाशात २६४ भार कर्बाम्ल वायू आणि १०८ भार पाणी घेते. त्यापासून १८० भार ग्लुकोज होते आणि १९२ भार प्राणवायू बाहेर पडतो. ही साखर यीस्टच्या हवाली केली, म्हणजे आंबवली, की १८० भारांपासून ९२ भार मद्यार्क होतो आणि ८८ भार कर्बाम्ल वायू फसफसून निघून जातो. मग ९२ भार मद्यार्क इंजिनात जळतो आणि १७६ भार कर्बाम्ल वायू देतो. ८८ आणि १७६ मिळून २६४. पानाने जेवढे घेतले तेवढेच परत. एका भाराचाही फरक नाही.

आंबवण्यात वजन जवळजवळ निम्मे गेले, तर उष्णताही निम्मी गेली असेल असे कोणालाही वाटेल. पण १८० ग्रॅम ग्लुकोजात ६७० उष्मांक असतात आणि तिच्यापासून होणाऱ्या ९२ ग्रॅम मद्यार्कात ६५३. यीस्टने आपली मजुरी घेतली ती अवघी अडीच टक्के! वजनातून जे गेले ते मुख्यतः आधीच प्राणवायूने भरलेले, जळून चुकलेले द्रव्य. जे काम दाब आणि उष्णता यांनी कोळशाच्या बाबतीत युगानुयुगे केले, प्राणवायू काढून टाकून इंधन सकस करण्याचे, तेच एक सूक्ष्म जीव दोन-तीन दिवसांत पिंपात करून दाखवतो. मजूर सचोटीचा आणि चलाख खरा.

मद्यार्क हा शब्द आला म्हणजे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. एका चाचांनी मला मशिदीच्या पायऱ्यांवर विचारलेही की मास्तर, गाडीत हे भरावे की नाही. इंधनाचा मद्यार्क पिण्यास अयोग्य व्हावा म्हणून त्यात विकारक द्रव्य मिसळलेले असते, एवढे रसायनाच्या बाजूने मी त्यांना सांगितले. बाकीचे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण शब्दाची गंमत सांगण्यासारखी आहे. अल्कोहोल हा शब्द अरबी अल्-कुहलपासून आला, आणि कुहल म्हणजे डोळ्यांत घालावयाचा सुरमा. अत्यंत बारीक केलेली पूड, मग कोणत्याही द्रव्याचा काढलेला सूक्ष्म अंश, आणि युरोपात जाऊन शेवटी दारूचा अर्क, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला युरोपीय भाषांत जे अलेंबिक म्हणतात तेही अरबी अल्-अंबीक. अत्तरे आणि गुलाबपाणी काढणाऱ्यांनी ते भांडे घडवत आणले. आज तेच उंच मनोरा होऊन साखर कारखान्याच्या मागे उभे आहे.

त्या मनोऱ्यात काय चालते ते थोडक्यात. आंबलेल्या रसात मद्यार्क शंभरात दहाच्या आसपास असतो, बाकी बहुतेक पाणी. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० वर, म्हणून तापवून वाफ थंड केली की मद्यार्क वेगळा येतो. पण ९५.६ टक्क्यांवर पोचल्यावर दोघे हातात हात घालून एकाच वेळी उकळू लागतात आणि नुसत्या उकळण्याने पुढे वेगळे होत नाहीत. पेट्रोलात मिसळण्यास तर जवळजवळ कोरडा मद्यार्क हवा. तेव्हा ही वाफ झिओलाइट नावाच्या खनिजाच्या गोळ्यांतून नेतात. गोळ्यांतील छिद्रे इतकी मापाची की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि मद्यार्काचा त्याहून मोठा रेणू बाहेरच राहतो. ही रेणूंची चाळणीच म्हणावयाची. मागे उरते ते तांबूस, उग्र वासाचे सांडपाणी. एक लिटर मद्यार्कामागे दहा लिटरांच्या आसपास. डिस्टिलरीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांना त्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको. ते ओढ्यात सोडले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. आटवून बॉयलरमध्ये जाळणे किंवा त्यापासून वायू आणि खत करणे हे त्याचे योग्य उपाय, आणि ते खर्चाचे आहेत.

पेट्रोलात मद्यार्क मिसळणे ही कल्पना आजची नव्हे. स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्यासाठी पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. तो २००० साली रद्द झाला. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि तेथून तीन वर्षांत २०.

वर मांडलेले २६४ चे खाते अचूक आहे. परंतु कोणताही व्यापारी सांगेल की नुसत्या मालाच्या खात्याने दुकानाचा नफा कळत नाही. वाहतूक, भाडे, हमाली धरावी लागते. उसाच्या शेतात युरिया पडतो. युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायूपासून काढतात. म्हणजे पोत्यात जुना कर्ब आहे. शिवाय शेतात टाकलेल्या नत्राचा काही अंश जंतूंच्या क्रियेने नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू वजनास वजन धरले तर कर्बाम्ल वायूच्या पावणेतीनशे पट उष्णता अडवणारा आहे. ट्रॅक्टर डिझेलचा, ऊस नेणारा ट्रक डिझेलचा, विहिरीवरच्या मोटरची वीज बरीचशी कोळशाची. पाचट पेटवून दिले तर त्याचा धूर वेगळाच. कर्ब-१४ चा काटा बाटलीतल्या मद्यार्काला शंभर टक्के नवा ठरवील. ट्रॅक्टरात जळालेले डिझेल त्याला दिसणार नाही. हा खर्च शोधावयाचा तर बाटली सोडून बांधावर जावे लागते.

उसाच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. आपले साखर कारखाने वाफेसाठी कोळसा विकत घेत नाहीत. चिपाडांवर त्यांचे बॉयलर चालतात आणि वर वीज उरते. गुऱ्हाळवाल्याने जे पिढ्यान्‌पिढ्या केले तेच येथे मोठ्या प्रमाणावर होते. मका किंवा तांदूळ आंबवणाऱ्या डिस्टिलरीपाशी चिपाड नसते. तिला भुसा नाही तर कोळसा बाहेरून आणावा लागतो. तेव्हा कर्बाच्या हिशेबात उसाचा मद्यार्क धान्याच्या मद्यार्काला सहसा मागे टाकतो.

पाण्याच्या हिशेबात मात्र तो हरतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिले आहे की एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल होते, आणि साखरेमार्गे हिशेब केल्यास एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी पडते. आपण पंपावर पाच लिटर पेट्रोल घेतले तर त्यात एक लिटर इथेनॉल असते. ते उसाच्या रसाचे असेल तर त्या पाच लिटरांमागे शेतात २८६० लिटर पाणी गेले. २०२३ चा पावसाळा ज्यांना आठवत असेल त्यांना कृष्णा, घटप्रभा आणि हिरण्यकेशी यांची त्या वर्षीची पात्रे आठवतील. त्याच वर्षी ७ डिसेंबरला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली, कारण साखरच कमी पडण्याची भीती होती. आठवडाभरात ती काही अंशी सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. धान्याकडे मोर्चा वळला, तर मका महागला आणि कोंबडीवाले ओरडू लागले. इंधन शेतातून काढावयाचे तर पावसाचा आणि ताटाचा त्यावर दावा राहणारच.

म्हणून माझे मत असे आहे, आणि ते मी मुलांपुढेही मांडतो, की शेवटच्या मळीचा मद्यार्क आणि रसाचा मद्यार्क यांना एकाच तराजूत घालू नये. साखर तीन वेळा काढून झाल्यावर जी काळी मळी उरते तिची साखर करणे परवडत नाही. तिच्यासाठी वेगळे पाणी नाही, वेगळी जमीन नाही. ते सारे साखरेच्या नावे आधीच पडलेले असते. तिच्या एका टनातून सव्वादोनशे लिटरांच्या आसपास मद्यार्क मिळतो, तो घ्यावाच. रस सरळ पिंपात ओतणे याचा अर्थ मात्र पाणी सरळ टाकीत ओतणे असा होतो. ज्या वर्षी साखर गोदामात पडून सडते आणि ऊस-बिले थकतात, त्या वर्षी रसाचा मार्ग शेतकऱ्याला तारतो हे मी नाकारत नाही. इथेनॉलचे पैसे आल्यामुळे बिले लवकर निघाली असे अनुभव आपल्यातही आहेत. पण त्या भरवशावर आणखी ऊस लावावा, हे मला पटत नाही.

गाडीवाल्यांच्या तक्रारीकडे येऊ. ती रसायनाने समजते. लिटरास लिटर धरले तर इथेनॉलात पेट्रोलापेक्षा सुमारे एकतृतीयांश उष्णता कमी. वीस टक्के मिश्रणात ही तूट साडेसहा-सात टक्के होते. लिटरला ५० किलोमीटर जाणारी गाडी ४६-४७ जाईल, हा झाला निव्वळ उष्मांकांचा हिशेब. दुसऱ्या बाजूला इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा आहे, म्हणजे दाबले असता ते अवेळी पेट घेत नाही. जे इंजिन त्यासाठी अधिक दाबाचे बांधलेले असते ते या तुटीतले काही भरून काढते. जुन्या इंजिनाला तो लाभ घेता येत नाही. शिवाय मद्यार्क पाण्याचा सोबती. थोडे पाणी तो पोटात घेतो, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि मद्यार्क मिळून तळाशी बसतात आणि वर पेट्रोल तरंगते. इंजिनाला तळचा घोट मिळाला की ते अडखळते. जुन्या गाड्यांचे काही रबरी भागही मद्यार्काने फुगतात. तेव्हा ज्यांची गाडी २०२३ च्या आधीची आहे त्यांनी पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट ठेवावे, गाडी महिनोन् महिने उभी करून ठेवू नये आणि नळ्या मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. गाडी दोन महिन्यांत मोडीत निघते असे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. मायलेज मुळीच कमी होत नाही असे म्हणणाऱ्यांकडेही.

डिझेलच्या जागी तेल वापरण्याचे रसायन आपल्या घरच्या साबणासारखे आहे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. कॉस्टिक सोडा घातला की साखळ्या सुटून साबण होतो. त्याऐवजी मिथेनॉल घालून सोड्याचा केवळ उत्प्रेरक म्हणून चिमूटभर वापर केला, तर प्रत्येक साखळी मिथेनॉलशी जोडली जाऊन बायोडिझेल होते आणि ग्लिसरीन तळाशी राहते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल जातीचे एक लहान इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. पण कच्चे तेल दाट. ते फवाऱ्याच्या बारीक छिद्रांत चिकटते, म्हणून हा खटाटोप. २००३ च्या सुमारास आपल्याकडे पडीक जमिनीत मोगली एरंड लावून देशाचे डिझेल पिकवण्याची मोठी हाक दिली गेली. झाड पडीक जमिनीत जगते हे खरे. तेथे ते भरघोस बी धरत नाही, हे लागवडीनंतर कळले. जगणे आणि पिकणे यांत फरक आहे, हे कोणत्याही शेतकऱ्याने फुकट सांगितले असते. तळणीचे वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करणे हा त्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे. ते तेल पुन्हा भज्यांत जाण्यापेक्षा ट्रकमध्ये गेलेले बरे.

गोबरगॅसचे खाते मला सर्वांत निर्मळ वाटते. हवाबंद टाकीत शेणावर जंतू काम करतात आणि निम्म्याहून अधिक मिथेन असलेला वायू देतात. हाच मिथेन उघड्यावर कुजणाऱ्या ढिगातून सुटला तर तो शंभर वर्षांच्या मापाने कर्बाम्ल वायूच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. चुलीत जाळला तर अन्न शिजते आणि कर्बाम्ल वायू होतो. येथे जाळणे हेच न जाळण्यापेक्षा बरे! वर खतातला नत्र शेतात परत जातो. शहराच्या प्रमाणावर हेच काम इंदूरने केले आहे. तेथे फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा प्रकल्प आहे आणि त्याच्या वायूवर शहरातील बसगाड्या धावतात. त्यासाठी ओला कचरा घरातच वेगळा करावा लागतो. ते काम कोणत्याही यंत्राचे नाही, स्वयंपाकघरातल्या दोन बादल्यांचे आहे.

राहिला तो कडब्याचा आणि पेंढ्याचा प्रश्न. पेंढा, पाचट, चिपाड यांतील सेल्युलोज हीही ग्लुकोजचीच साखळी आहे, पण तिच्या कड्या अशा उलटसुलट जोडलेल्या की यीस्टला त्या सुटत नाहीत, आणि भोवती लिग्निनचे कवच. आपल्याला पीठ पचते, पेंढा पचत नाही, तो याच जोडणीमुळे. गाईच्या पोटातले जंतू ती जोडणी सोडवतात. कारखान्यात तेच करावयाचे तर आधी आम्ल आणि वाफ यांनी कवच फोडावे लागते, मग विकरे घालावी लागतात, आणि ती महाग आहेत. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये असा कारखाना उभा राहिला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल करण्याची त्याची योजना आहे. आपल्याकडे भाताचा पेंढा जनावरे खातात आणि चिपाड बॉयलर खातो, म्हणून दोन्हीपैकी काही फुकट नाही. उरते ते शेतात पेटवून दिले जाणारे पाचट. ते जमिनीत कुजवून सेंद्रिय कर्ब वाढवावा की गोळा करून पिंपात घालावे, याचा हिशेब आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांनी यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी करून पाहावा. एक गुंठ्यातले पाचट वजन करून आणणे अवघड नाही. काटा शाळेच्या प्रयोगशाळेत आहे आणि किल्ली माझ्याकडे असते.